माणसांत जगलेल्या शेतकऱ्याची नोंद

केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असले, तरी इसवी सनाच्या आगेमागे दोन-तीन शतके ते भोगवर्धन या नावाने ओळखले जाणारे दख्खनमधील एक भरभराटीचे नगर होते. मध्य भारतातील सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या बांधकामाला ज्यांनी हातभार लावला त्यांची नावे तेथील दगडांवर कोरलेली असून, त्या दानलेखांत भोगवर्धनच्या माणसांचाही उल्लेख येतो. या स्तूपांचे बहुसंख्य दाते राजेमहाराजे नव्हते; गृहस्थ, व्यापारी, कारागीर, भिक्षू आणि भिक्षुणी अशी ती साधी माणसे होती आणि एखाद्या शिळेपुरते दान देऊन त्यांनी आपले व आपल्या गावाचे नाव दोन हजार वर्षे टिकवले. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा इतर वस्तूंबरोबर एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आणि इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांच्या लक्षात आले. याच उत्खननात हाती आलेल्या धान्याच्या व वनस्पतींच्या अवशेषांचाही अभ्यास झाला. म्हणजे त्या काळी येथे काय पिकत होते याचा माग लागतो, परंतु ते पिकवणाऱ्या माणसाबद्दल, त्याच्या घरच्यांबद्दल आणि त्याच्या दारी येणाऱ्या-जाणाऱ्यांबद्दल कोठेही एक अक्षर उरलेले नाही.

शेतकऱ्याच्या आयुष्याची नोंद न राहणे ही केवळ प्राचीन काळची उणीव नाही. मराठीत शेतकऱ्याविषयी विपुल लिहिले गेले असले, तरी त्यातला बराच भाग शेतकऱ्याला एक वर्ग किंवा एक प्रश्न मानून लिहिलेला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या लुबाडणुकीची मुळापासून चिकित्सा केली आणि त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’मध्ये कुळवाडी, बलुतेदार व सरकार यांच्या गुंतवळीतून गाव कसे चालते हे दाखवले. हे दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. पण त्यांचा विषय शेतकरीपण हा आहे, अमुक एक शेतकरी हा नाही. अलीकडच्या काळात तर मराठवाड्यातील शेतकरी वर्तमानपत्रात येतो तो बहुधा दुष्काळाच्या, कर्जाच्या किंवा आत्महत्येच्या बातमीतून. ज्याने साठ-पासष्ट वर्षे जमीन कसली, चार भावंडांचा संसार एका चुलीवर सांभाळला, शेजाऱ्याच्या अडीनडीला बैल दिले, पोरीबाळींची लग्ने लावून दिली आणि शेवटी भरल्या घरात डोळे मिटले, त्याच्यावर कोणी लेख लिहीत नाही, कारण त्याच्या आयुष्यात बातमी होण्यासारखे काही घडलेले नसते. वास्तविक ग्रामीण समाज उभा राहिला आहे तो अशाच माणसांच्या बळावर. म्हणून अशा माणसाचे स्मरण कसे केले जाते, त्यातले काय टिकते, काय निसटते आणि निसटणारे कसे राखता येईल, याचा विचार भोकरदनसारख्या तालुक्याच्या संदर्भात करणे अगत्याचे आहे.

कागद काय सांगतात

सामान्य शेतकऱ्याचे नाव ज्या कागदावर हमखास सापडते तो कागद म्हणजे सातबारा. महसूल खात्याच्या गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती आणि तिच्यावर कोणाचे कोणते हक्क किंवा बोजे आहेत हे असते, तर नमुना बारामध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक होते याची नोंद असते. हे दोन्ही नमुने एकत्र येऊन सातबारा तयार होतो. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की त्याची नोंद नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते आणि खातेदार वारल्यावर त्याच्या वारसांची नावे नमुना सहा-क या वारस नोंदवहीत चढतात. हे उतारे एकापुढे एक ठेवून वाचले, तर एका आयुष्याचा सांगाडा बऱ्यापैकी उभा राहतो: वडिलांच्या पश्चात भावांची सामाईक नावे कधी लागली, वाटणी कोणत्या साली झाली, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कधी चढला व कधी उतरला, ज्वारीच्या जागी कापूस आणि कापसाच्या जागी मका किंवा सोयाबीन केव्हा आले, आणि जिरायत रान विहिरीमुळे बागायत कधी झाले.

मराठवाड्यात या कागदांना आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत भोकरदन निजामाच्या राज्यात होते व तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र स्थापन झाला आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा निघाला. एकाच गावात, एकाच रानावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या कागदांवर त्यामुळे राज्याचे नाव दोनदा-तीनदा आणि जिल्ह्याचे नाव एकदा बदललेले दिसते. पणजोबांच्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत असल्याने घरातल्या कोणालाच वाचता येत नाहीत, हा अनुभव येथे घरोघरचा आहे. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे या जुन्या दप्तरांकडे वळली. दोन-तीन पिढ्यांमागच्या माणसाचा माग काढणे किती अवघड असते, याची जाणीव त्या वेळी अनेकांना झाली.

शाळेच्या प्रवेश नोंदवहीचीही अशीच गोष्ट आहे. जन्मतारीख घरी कोणाला ठाऊक नसल्याने गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरून १ जून ही तारीख लिहावी, हा रिवाज इतका सर्वत्र होता की त्या पिढीतील हजारो माणसांचा कागदोपत्री वाढदिवस एकाच दिवशी येतो. खरे वय ठरते ते घरच्यांच्या आठवणीवरून. कोणी रझाकारांच्या धामधुमीत पाळण्यात होता, कोणाचे लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात झाले, कोणाची थोरली मुलगी विहिरीला पाणी लागले त्या वर्षीची, अशा खुणांनी ग्रामीण आयुष्याची कालगणना होत असते आणि स्मरण लिहिणाऱ्याला कागदावरच्या तारखेपेक्षा या खुणांवर अधिक भरवसा ठेवावा लागतो.

कागदांतला सर्वांत बोलका आणि सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज मात्र सरकारी नसून घरातला असतो, तो म्हणजे आहेराची वही. लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यात सतरंजीवर बसून घरातला शिकलेला मुलगा ही वही लिहितो. एका रेघेवर नाव, त्यापुढे गाव, त्यापुढे रक्कम किंवा टॉवेल-टोपी, साडी, भांडे असा तपशील, आणि पाने संपत येतील तसे अक्षर बारीक होत गेलेले. आहेर हे येणे नसून देणे मानले जात असल्याने, म्हणजे पुढे त्या घरच्या कार्यात तो सव्वाईने किंवा बरोबरीने परत करायचा असल्याने, ही वही वर्षानुवर्षे ट्रंकेत जपून ठेवली जाते. माणसांत वावरणाऱ्या शेतकऱ्याच्या घरच्या अशा तीन-चार वह्या चाळल्या, तर त्याचा गोतावळा किती गावांत पसरला होता, कोणत्या जातीधर्माच्या घरांशी त्याचे येणेजाणे होते आणि कोणते घर एका वहीत असून पुढच्या वहीतून गळाले, हे सातबाऱ्यावर कधीही न दिसणारे सत्य तेथे दिसते.

गोतावळा हेच भांडवल

शेतकऱ्याच्या मनमिळाऊपणाला केवळ स्वभावाचा गुण मानले की त्याचे निम्मे महत्त्व हरवते. पावसाच्या भरवशावर चालणाऱ्या शेतीत पेरणीचा वाफसा, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल असण्याचा काळ, चार-सहा दिवसांचाच असतो आणि त्या दिवसांत बैल, तिफण व माणसे एकाच वेळी साऱ्यांना हवी असतात. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी जमवतो आणि दोघांची रानं आळीपाळीने पेरून होतात, या देवाणघेवाणीला सावड म्हणतात. इर्जिक ही त्याहून मोठी गोष्ट. एखाद्याचे आजारपण, घरातली मयत, बैल दगावणे किंवा केवळ रानाचा मोठा आवाका यामुळे कोणी मागे पडला, की सारी आळी आपापली औते घेऊन एका सकाळी त्याच्या शेतात उतरते. दहा-बारा वखर एकामागे एक चालू लागतात, माणसे एकमेकांना हाळ्या देत, बैलांना नावाने चुचकारत तास धरतात आणि जे रान एकट्याला आठ दिवस पुरले असते ते उन्हे कलायच्या आत उरकते. मजुरी कोणी घेत नाही. घरधन्याने साऱ्यांना पोटभर जेवू घालायचे, एवढाच त्याचा मोबदला, आणि पुढे कोणाची इर्जिक असेल तेव्हा आपले औत घेऊन हजर राहायचे, ही न बोललेली बांधिलकी.

अशा व्यवस्थेत माणसे जोडून असणे ही पेरणी वेळेवर होण्याची हमी होती. तरीही कोणाच्या हाकेला गाव लगेच धावते आणि कोणाच्या हाकेला कुरकुरत जाते, हे ज्याच्या त्याच्या वागण्यावर ठरे. जो दुसऱ्याच्या मातीला, म्हणजे अंत्यविधीला, रात्री-अपरात्री पायी गेला आहे, ज्याने बांधाच्या भांडणात दोघांची समजूत काढताना आपला एक फूट सोडला आहे, ज्याच्या ओसरीवर वाटसरूला पाणी आणि गुळाचा खडा मिळाला आहे, त्याच्यासाठी माणसे आपणहून येतात. मारुतीच्या पारावरची संध्याकाळची बैठक, आठवडी बाजारातून बैलगाडीने एकत्र परतणे, सोयरीक जुळवताना दोन्हीकडून मध्यस्थ म्हणून उभे राहणे, भजनी मंडळात टाळ धरणे, राजूरच्या गणपतीला अंगारकीला चार घरची माणसे मिळून जाणे, या साऱ्यांतून असा माणूस घडत असे. घरात तो दादा किंवा आबा असला, तरी गावाला तो नाना, अण्णा किंवा तात्या असे आणि त्याला त्या नावाने हाक मारणाऱ्यांत सालगड्यापासून सरपंचापर्यंत सारे असत.

या गोतावळ्याची कसोटी १९७२च्या दुष्काळात लागली. सलग हुकलेल्या पावसामुळे विहिरी आटल्या, दावणीची जनावरे चाऱ्यावाचून विकावी लागली आणि जमीनदार म्हणवणारी घरेही पाझर तलाव, नालाबांध व रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायला गेली. रेशनवरची मिलो नावाची लाल ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या तोंडून कधी गेली नाही. याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना विस्तारली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या काळात कोणी कोणाला पायली-दोन पायली जोंधळे दिले, कोणी आपल्या विहिरीचे उरलेले पाणी वाडीला खुले केले, कोणी शेजाऱ्याची गाय आपल्या कडब्यावर जगवली, हे कोणत्याही शासकीय अहवालात नाही. पण त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना ते आजही नावानिशी आठवते.

घरातला माणूस

कुटुंबवत्सल शेतकऱ्याचे स्मरण करताना त्याने मुलांना कसे शिकवले हे आवर्जून सांगितले जाते व ते योग्यच आहे. स्वतः तिसरी-चौथीत शाळा सोडलेल्या माणसाने कापसाची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा अडत्याने दिलेला हिशेब, हाती पडताच आधी वसतिगृहाची फी बाजूला काढावी, ही त्या पिढीची मोठी कमाई आहे. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९७० साली एच-४ हा पहिला संकरित कापूस आला, पुढे २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाण्यांतल्या या बदलांनी उत्पन्न वाढले तसा खर्चही वाढला आणि वाढलेल्या उत्पन्नातला वाटा शिक्षणाकडे वळवायचा की नव्या घराकडे, हा निर्णय प्रत्येक घरात कर्त्या माणसाला घ्यावा लागला. २०१२ साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला व जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा लेकरांसारखी वाढवलेली झाडे सरपणाला तोडण्याची पाळी अनेकांवर आली. त्या वर्षी घर कसे तगले याचे उत्तर पुष्कळदा शिकून नोकरीला लागलेल्या एखाद्या मुलाकडे किंवा पुतण्याकडे जाते.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे भाग आहे. ज्या माणसाच्या दारातून कोणी उपाशी गेला नाही असे कौतुकाने सांगितले जाते, त्याच्या घरात अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी पुन्हा चूल पेटवणारी, पिठलं ढवळून भाकऱ्या थापणारी बाई असते. इर्जिकीच्या दिवशी पहाटे तीनला उठून वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणारी, तो पाटीत घालून डोक्यावर शेतात नेणारी आणि सर्वांत शेवटी जेवणारी तीच असते. नवऱ्याचा लौकिक तिच्या कष्टांवर उभा राहिलेला असूनही त्या लौकिकात तिचे नाव क्वचितच येते. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला भरवलेल्या महिला अधिवेशनापासून हा विषय पुढे आला आणि संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या प्रेरणेने १९९०च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावे केला. घरातल्या माणसांवरचे प्रेम सरकारी कागदावर उमटल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण आहे. एखाद्या शेतकऱ्याच्या स्मरणात त्याच्या सहचारिणीचे कष्ट आले नाहीत, तर ते स्मरण अपुरेच नव्हे, अन्यायाचेही ठरते.

स्मरणाचे विधी

माणूस गेल्यावर ग्रामीण समाज त्याचे स्मरण टप्प्याटप्प्याने करतो. पहिले काही दिवस घरची चूल पेटत नाही आणि भाऊबंद-शेजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात. तिसऱ्या दिवशी राख सावडली जाते, दहाव्याला नदीकाठी दशक्रिया होते आणि तेराव्याला गोडजेवण होऊन दुखवटा उतरतो. वारकरी घरांत तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवतात व कीर्तनकार निरूपणाच्या ओघात गेलेल्या माणसाच्या दोन आठवणी सांगतात. पुढे दरवर्षी भाद्रपदातल्या पितृपक्षात त्याच्या तिथीला पान वाढले जाते, तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावस्येला, आणि मराठवाडा-खानदेशात अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. अलीकडे काही घरे राख नदीत न सोडता शेतातल्या खड्ड्यात घालून तेथे आंबा किंवा चिंच लावतात. गावातल्या शाळेचा पंखा, एसटी थांब्यावरचा सिमेंटचा बाक, देवळातली समई यांच्यावर अमक्याच्या स्मरणार्थ अशी अक्षरे दिसतात. हरिनाम सप्ताहाच्या पत्रकात प्रत्येक दिवसाच्या पंगतीच्या अन्नदात्याचे नाव छापले जाते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्यांत तर पिढ्यान्‌पिढ्यांची नावे लिहिलेली असतात आणि वंशजाला आपल्या पूर्वजाच्या भेटीचा माग तेथे लागू शकतो.

हे विधी नाव टिकवतात, माणसाला दुःखातून सावरायला मदत करतात आणि विखुरलेल्या कुटुंबाला वर्षातून एकदा एका ओसरीवर आणतात. परंतु नावामागचा माणूस टिकवण्याची त्यांची ताकद मर्यादित आहे. नातवाला आजोबांची तिथी ठाऊक असते, पण आजोबा कशाला हसत, कोणावर रागवत, कोणते बी घरचे ठेवत, पेरणीआधी मातीचा वास घेऊन काय बोलत, हे ठाऊक नसते. तिसऱ्या पिढीपर्यंत तर नावापुढे केवळ नाते उरते. चौकातला श्रद्धांजलीचा फलक चार दिवस टिकतो आणि त्यावरचे शब्द सर्वांसाठी सारखेच असतात.

शब्दांनी राखलेली माणसे

माणूस शब्दांत राखता येतो याची उत्तम उदाहरणे भोकरदनच्या आसपासच सापडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे खानदेशात असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शेतात राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या कुणबी स्त्री होत्या. काम करता करता त्या जे रचत ते त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक नातलग यांनी टिपून ठेवले नसते, तर त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ते प्रसिद्ध झालेच नसते आणि मराठी भाषा एका मोठ्या कवयित्रीला मुकली असती. घरातल्या कोणीतरी कागद-पेन्सिल हाती घेतल्याने केवढा फरक पडतो, हे या एका घटनेवरून समजावे.

सोयगाव तालुक्यातील पळसखेडचे ना. धों. महानोर (१९४२–२०२३) हे याच डोंगरपट्ट्यातले. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते शेतीकडे परतले, ‘रानातल्या कविता’ (१९६७) पासून मराठी कवितेला त्यांनी नवे रान दाखवले, विधान परिषदेत पाण्याचा व शेतीचा प्रश्न मांडला, ‘पानझड’ला २००० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; तरीही शेती आणि गाव यांच्याशी त्यांची नाळ तुटली नाही. मोठमोठ्या साहित्यिकांचा व नेत्यांचा त्यांच्या शेतावर राबता असे. शेती, कुटुंब आणि माणसांचा लोभ या तिन्ही गोष्टी एका आयुष्यात कशा नांदतात, हे त्यांनी ‘या शेताने लळा लाविला’सारख्या गद्यलेखनातून स्वतःच लिहून ठेवले. आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) ही दुसऱ्या टोकाची साक्ष आहे, कारण शिक्षणासाठी आसुसलेल्या मुलाला त्यात रानातल्या कष्टांना जुंपू पाहणाऱ्या बापाशी झगडावे लागते. आप्ताबद्दल लिहिताना त्याचा कठोरपणा न लपवताही माणूस समजून घेता येतो, हे त्या पुस्तकाने दाखवले.

लिहिता न येणाऱ्या स्त्रियांनी जात्यावर गायिलेल्या ओव्यांत तर बाप, भाऊ आणि मुलगा यांच्या रूपाने शेतकरी पुन्हा पुन्हा येतो: त्याची बैलजोडी, त्याचा दिलदारपणा, माहेराला येणाऱ्या लेकीची त्याने पाहिलेली वाट. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि २०१७ पासून त्या पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांपुढे येत आहेत. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते बंद पडले आणि आणखी एक पिढी उलटली असती तर हा ठेवा मिळालाही नसता. इतर देशांतही असे प्रयत्न झाले आहेत. पोलंडमध्ये लुडविक क्शिविट्स्की यांच्या संस्थेने १९३३ साली शेतकऱ्यांकडून आत्मकथा मागवल्या व त्यांचे खंड प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये रोनाल्ड ब्लाइद यांनी ‘एकनफील्ड’ (१९६९) या पुस्तकात एका परगण्यातल्या शेतमजूर, लोहार, शिक्षक अशांच्या बोलण्यातून गावाचे अर्धे शतक उभे केले. विद्वानांनी साध्या माणसाला त्याच्याच शब्दांत बोलू देणे, हे या साऱ्या प्रयत्नांचे समान सूत्र आहे.

नोंद कशी व्हावी

एका शेतकऱ्याचे स्मरण लिहायला साहित्यिक असावे लागत नाही. घरातली एखादी शिकलेली नात किंवा गावच्या शाळेतले शिक्षक ते करू शकतात. आरंभ घरातल्या कागदांपासून करावा: सातबारा, फेरफार, सोसायटीचे पासबुक, अडत्याच्या पट्ट्या, आहेराच्या वह्या, लग्नपत्रिका आणि छायाचित्रे. छायाचित्रातल्या प्रत्येक चेहऱ्याचे नाव मागच्या बाजूस लिहून घ्यावे, कारण ओळखणारी शेवटची व्यक्ती गेली की छायाचित्र मुके होते. त्यानंतर माणसांकडे जावे. मुले वडिलांची थोरवी सांगतात, पण सासरी नांदणारी बहीण त्याचे बालपण सांगते, सालगडी त्याचा हात किती सढळ होता ते सांगतो, बाजारातला अडत्या त्याचा शब्द कसा होता ते सांगतो, आणि ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले तो शेजारी बहुधा सर्वांत नेमके सांगतो. सून आणि पत्नी यांच्याशी स्वतंत्रपणे, इतरांच्या देखत नव्हे, बोलावे. आज मोबाइलवर आवाज नोंदवता येत असल्याने त्यांची बोली जशीच्या तशी राखता येते आणि ती शुद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रश्नही मोघम नसावेत. वडील कसे होते असे विचारले की सारेजण चांगले होते एवढेच म्हणतात. परंतु विहीर कोणत्या साली खोदली, खोदायला कोण होते, किती परसावर, म्हणजे किती पुरुष खोलीवर, पाणी लागले, पहिला बैल कोठून आणला, त्याचे नाव काय होते, मोट जाऊन इंजिन कधी आले, पोळ्याला बैल कोण सजवत असे, कोणाशी किती वर्षे अबोला होता व तो कसा मिटला, असे विचारले की माणूस उभा राहू लागतो. चुका, हट्ट आणि उणिवाही लिहाव्यात. केवळ गुणांच्या यादीतून कोणाचाही चेहरा डोळ्यांपुढे येत नाही आणि पुढच्या पिढीला आपल्यासारखाच चुकणारा, सावरणारा पूर्वज अधिक जवळचा वाटतो.

अशी दहा-वीस पानांची टिपणे गावातल्या पन्नास घरांनी केली आणि त्यांची एकेक प्रत शाळेत किंवा वाचनालयात ठेवली, तर सावड, इर्जिक, दुष्काळ, बियाणे, स्थलांतर, स्त्रियांचे श्रम अशा प्रत्येक विषयावर त्या गावाचा स्वतःचा इतिहास तयार होईल आणि तो लिहिण्यासाठी बाहेरच्या अभ्यासकाची वाट पाहावी लागणार नाही. शेतकऱ्याच्या दुःखाची नोंद ठेवणे जितके गरजेचे आहे, तितकेच त्याच्या भरल्या, समाधानी, उपकारक आयुष्याची नोंद ठेवणे गरजेचे आहे, कारण गाव कशाने मोडते हे पहिली नोंद सांगते आणि गाव कशाने टिकते हे दुसरी सांगते. भोकरदन तालुक्यातल्या बहुतेक प्रत्येक वाडीवस्तीवर बहात्तरचा दुष्काळ कर्तेपणी पाहिलेली, इर्जिकीत औत धरलेली माणसे अद्याप हयात आहेत आणि विचारले तर ती मोकळेपणाने बोलतात. त्यांच्या आयुष्याची नोंद तेराव्यापर्यंत न थांबवता, ती स्वतः सांगू शकतात आणि चुकलेले दुरुस्त करू शकतात तोवरच सुरू व्हावी.